डबा कोण शिजवतं, हे अर्जात लिहा

अनुदानासाठी केलेल्या आमच्या पहिल्या अर्जात सगळं होतं. डब्यांचं वाणसामान, टॅक्सी, समुपदेशकाची फी, सगळे आकडे जुळवलेले. तरी नकार आला. नंतर निवड समितीतल्या एका बाईंनी फोनवर विचारलं, "डबे शिजवतं कोण?" आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. शिजवत होतो आम्हीच. पण घरच्या स्वयंपाकाचे पैसे कधी कुणी लावलेत? दर रविवारचे चार-पाच तास आमच्या कागदावर नव्हतेच.

मी मूळची साताऱ्याची, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये देसी आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे लोकांचा एक छोटा गट आहे, त्याचे हिशेब मी बघते. कुणाचं ऑपरेशन झालंय आणि घरच्यांनी तर कधीच तोडलंय, अशा माणसाला डबा पोचवायचा, दवाखान्यात सोबत जायचं, एखाद्या महिन्याच्या भाड्याला हात द्यायचा, हे आमचं काम. इथे त्याला 'कम्युनिटी केअर' म्हणतात. आईला सांगताना मी 'सावड' म्हणाले आणि तिला लगेच कळलं. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.

ही सावड या शहरात जुनी आहे. १९७० साली मार्शा जॉन्सन आणि सिल्विया रिव्हेरा या ट्रान्स कार्यकर्त्यांनी 'स्टार' ही संघटना काढली आणि बेघर ट्रान्स पोरांसाठी घर चालवलं. एक कृष्णवर्णीय, दुसरी लॅटिना. अनुदान कुठलं आलंय! स्वतः रस्त्यावर देहविक्री करून त्या घराच्या भाड्याचे पैसे आणत. ते घर फार टिकलं नाही.

आता पैसे देणारे आहेत, पण त्यांच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट उरका: पैसे कुणाच्या खात्यात येणार? बहुतेक फाउंडेशन ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेलाच चेक लिहितात. तो दर्जा स्वतः काढता येतो. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल आणि मालमत्ताही बेताची असेल, तर छोटा १०२३-ईझेड फॉर्म आणि २७५ डॉलर फी. सोपं वाटतं म्हणून सगळे तिकडे धावतात. पुढे दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे, किमान ९९०-एन हा फॉर्म भरावा लागतो, हे कुणी सांगत नाही. पाच मिनिटांचं काम, पण सलग तीन वर्षं चुकलं की दर्जा आपोआप जातो.

मी नवख्यांना फिस्कल स्पॉन्सर शोधायला सांगते. म्हणजे आधीच नोंदणी असलेली संस्था तुमच्या वतीने पैसे घेते, हिशेब ठेवते आणि त्यातले साधारण ५ ते १५ टक्के कापून घेते. ही टक्केवारी मला अजूनही टोचते, पण कर भरायच्या मोसमात टोचत नाही. करार मात्र ओळ न ओळ वाचा. स्पॉन्सरनेच दुकान बंद केलं तर आपल्या शिलकीचं काय, हे त्यात असलं पाहिजे. २०२४ मध्ये ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या अशाच एका स्पॉन्सरने गाशा गुंडाळला, तेव्हा शेकडो गटांना वर्षाच्या आत नवं छप्पर शोधावं लागलं.

मागायचं कुठे? आम्ही आधी मोठ्या नावांच्या मागे लागलो आणि एक अख्खा उन्हाळा वाया घालवला. सुरुवात अशा निधींपासून करा, जिथे निर्णय आपल्यासारखीच माणसं घेतात. ट्रान्स जस्टिस फंडिंग प्रोजेक्ट हे चांगलं उदाहरण. ट्रान्स लोक चालवत असलेल्या, अडीच लाख डॉलरपेक्षा कमी बजेटच्या गटांसाठी ते आहे. निवड ट्रान्स कार्यकर्त्यांचं मंडळ करतं. ५०१(सी)(३) ची अट नाही, वर्षअखेरीला अहवालही मागत नाहीत. न्यू यॉर्कमध्येच १९७७ साली सुरू झालेलं अ‍ॅस्ट्रिया आहे, थर्ड वेव्ह फंड आहे. रक्कम लहान असली तरी 'कशावरही खर्च करा' म्हणून मिळालेले पाच हजार मला एकाच प्रकल्पाला बांधलेल्या वीस हजारांपेक्षा मोलाचे वाटतात. बांधलेल्या पैशातून गॅसचं बिल भरता येत नाही.

मोठे देणगीदार लाभार्थींचे फोटो आणि 'हृदयस्पर्शी कहाणी' मागतात. आमच्याकडे येणाऱ्यांत बिनकागदपत्रांचे लोक आहेत, घरी काहीच न सांगितलेले आहेत. आम्ही फक्त आकडे देतो: किती डबे, किती फेऱ्या, किती तास. यावरून एक अनुदान हातचं गेलं. गेलं तर गेलं.

दुसऱ्या अर्जात आम्ही स्वयंपाकाचे तास शहराच्या किमान वेतनापेक्षा चांगल्या दराने लावले, मदतीचे फोन घ्यायला बसणाऱ्याचेही लावले. पैसे मिळाले. आपल्या मराठी पोरापोरींसाठी यात एक खोच आहे. एच-१बी वर असाल तर हे मानधन घेऊ नका, कारण त्या व्हिसावर पगार फक्त तुमचा व्हिसा काढणाऱ्या कंपनीचा चालतो. त्यामुळे अर्जात माझ्या नावापुढे 'स्वयंसेवक' लिहिलंय आणि आमटीचे पैसे माझ्यासोबत कांदा चिरणाऱ्या मैत्रिणीला मिळतात.