कुत्र्यासाठी घरचा खाऊ करताना या चुका टाळा

विकतच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचून धसका घेतलेले बरेच जण हल्ली कुत्र्याचा खाऊ घरीच करतात. कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच, की स्वयंपाकघरात शिरलं की आपला हात सवयीने चालतो. चवीला मीठ, वासाला लसूण, गोडीला गूळ, वरून चमचाभर तूप. कुत्र्याला यातलं काहीही लागत नाही. त्याचा खाऊ आपल्या जिभेला बेचव, हाताला कोरडा आणि आकाराने चिमुकला असावा. बहुतेक गडबडी यातलं काहीतरी सुटलं की होतात.

'एवढ्याशा लसणाने काय होतंय?'

कांदा, लसूण, कांद्याची पात या सगळ्यांत असे गंधकयुक्त घटक असतात, जे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने, परतल्याने ते जात नाहीत. पावडर तर सगळ्यात वाईट, कारण चिमटीभर पावडरीत बराच कांदा वाळून बसलेला असतो. त्रास लगेच दिसत नाही, ही खरी मेख. तीन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रा मलूल होतो, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. तोवर रविवारच्या चिकनची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

घरोघरी होणारी चूक म्हणजे मटणाचं अळणी पाणी. तिखट नाही, मसाला नाही, म्हणून ते बिनधास्त कुत्र्याच्या पिठात ओतलं जातं. पण आपल्यासाठी काढलेल्या अळणीत कांदा, आलं-लसूण पडलेलं असतंच, बहुतेक वेळा मीठही. कुत्र्याचा वाटा आधीच बाजूला काढून नुसत्या पाण्यात शिजवा आणि हाडं त्यातून काढून टाका. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं.

लसणाने गोचीड पळतात म्हणून रोज एक पाकळी देणारे लोकही भेटतात. याला भरवशाचा पुरावा नाही. गोचिडांसाठी चांगली औषधं मिळतात, ती वापरा.

गोड करण्याच्या नादात

मनुका, बेदाणे, द्राक्षं यांचा एक दाणाही नको. काही कुत्र्यांना थोड्याशा द्राक्षांनीही मूत्रपिंड निकामी होण्याइतका त्रास होतो, काहींना काहीच होत नाही, आणि आपला कुत्रा कुठल्या गटातला हे आधी कळायला मार्ग नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणी विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. आपल्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. त्यामुळे प्रसादाच्या शिऱ्याबरोबर आंबटगोड आमटीसुद्धा त्याच्या ताटलीपासून लांब ठेवा.

पीनट बटर हा परदेशी पाककृतींतून आलेला लाडका पदार्थ. घेताना बरणीची मागची बाजू वाचा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या काही उत्पादनांत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. आपल्याला ते चालतं, पण कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम उसळतं आणि अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर कोसळू शकते. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅमही भारी पडतं. भारतीय लेबलवर ते कधी नावाने येतं, तर कधी नुसतं 'स्वीटनर ९६७' असं. हा आकडा दिसला की बरणी परत फडताळात.

त्यापेक्षा घरी दाणे भाजून मिक्सरला फिरवा, काम झालं. फक्त दाणे निवडून घ्या. खवट, काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे 'कुत्र्यालाच तर द्यायचेत' म्हणून वेगळे काढू नका, फेकून द्या. त्यांत ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि माणसापेक्षा कुत्र्याचं यकृत त्यापुढे लवकर हात टेकतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या कोरड्या खाद्यात हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि ७० हून अधिक कुत्रे दगावल्याची नोंद झाली.

चॉकलेट आणि जायफळ नको, हे एव्हाना बहुतेकांना माहीत असतं. गुळाचं मात्र सांगावं लागतं. तो विषारी नाही, पण त्याची गरजही नाही. लाल भोपळा आणि रताळं कुत्र्याला पुरेसं गोड लागतं.

पीठ फाटतं, बिस्किटाचा दगड होतो

नाचणी, ज्वारी, बाजरी यांच्या पिठांना गव्हासारखा चिकटपणा नसतो. थंड पाण्यात मळली तर लाटताना कडा फाटणारच. मग लोक मैदा घालतात, नाहीतर तेल वाढवतात. दोन्हीची गरज नाही, भाकरीची सवय असलेल्या हाताला उपाय ठाऊक आहे: उकड काढा. २०० ग्रॅम नाचणीच्या पिठात वाटीभर उकडलेला लाल भोपळा गरम असतानाच कुस्करून घाला, लागेल तसं कढत पाणी शिंपडा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. कोमट झाल्यावर एक अंडं फोडून मळा. आधी घातलंत तर अंड्याच्या गाठी होतील. भोपळा पाणचट निघाला तर फडक्यात घट्ट पिळून घ्या, नाहीतर पीठ ओढत जाल आणि शेवटी परातभर गोळा होईल. बेकिंग पावडर, सोडा काही नको. बिस्किट फुगलं नाही म्हणून कुत्रा तक्रार करत नाही, उगाच सोडियम मात्र वाढतं. यीस्ट घातलेलं किंवा आंबवलेलं कच्चं पीठ त्याच्या तोंडी लागू देऊ नका. यीस्टचं पीठ पोटात जाऊन फुगतं आणि त्यातून मद्यार्कही तयार होतो.

दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, शंकरपाळ्यासारख्या रेघा मारा आणि १७० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. ओटीजी नसेल तर जाड कढईत मीठ तापवून, वर जाळी ठेवून नानकटाईसारखं भाजता येतं. वेळ थोडा जास्त लागेल.

तांदळाच्या पिठाचं प्रमाण जास्त झालं की बिस्किट खडीसारखं होतं. कुत्र्याचे दात मजबूत म्हणून चालेल असं समजू नका, दाढेचा टवका उडू शकतो. गार झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून पाहा. नखाचा वण उमटला किंवा तुकडा हाताने मोडला तर ठीक. दोन्ही होत नसेल तर कोमट पाण्यात भिजवून द्या, किंवा तो घाणा सोडा.

डबा उघडला आणि बुरशी

सगळ्यात जास्त खाऊ फुकट जातो तो इथे, आणि पावसाळ्यात तर हमखास. बिस्किट वरून कडक, खमंग झालेलं असतं म्हणून डब्यात भरलं जातं. भोपळा, रताळं, चिकन यांचं पाणी मात्र अजून मधोमध बसलेलं असतं. डब्यात दोन दिवसांत ती ओल बाहेर पसरते, कुरकुरीत बिस्किटं मऊ पडतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कडेला पांढरी लव दिसते.

म्हणून भाजलेल्या घाण्यातला सगळ्यात जाड तुकडा घ्या आणि मधोमध मोडा. कट्ट असा आवाज आला पाहिजे. वाकून मग तुटला, किंवा आतला भाग कडेपेक्षा गडद आणि बोटाला गारसर लागला, तर ओल शिल्लक आहे. सगळे तुकडे रेघांवर सुटे करा, अंतर ठेवून पसरा आणि १०० अंशांवर आणखी तासभर वाळवा. ओटीजी बंद करून गार होईपर्यंत आतच राहू द्या. कढईवाल्यांनी मंद आचेवर तव्यात परतत राहावं. कोमट असताना डब्याचं झाकण लावलं तर आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

इतकं करूनही घरच्या बिस्किटात विकतच्यासारखी टिकाऊपणाची औषधं नसतात. कोरडी बिस्किटं फ्रिजमध्ये आठवडाभर, बाकीची फ्रीझरमध्ये. मऊ खाऊ, वड्या वगैरे फ्रिजमध्येही तीन दिवसांच्या आत संपवा. बुरशी एका तुकड्यावर दिसली तरी अख्खा डबा टाका. खरवडून उरलेलं देणं महागात पडतं, कारण काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर सुटते आणि झटकेही येतात. टाकतानाही गच्चीवरच्या कावळ्यांना किंवा गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नका.

चिकन गच्चीवर वाळवणं

पापड-कुरडयांचं ऊन चिकनला पुरत नाही. आणि ओटीजीतही कच्च्या पट्ट्या थेट मंद आचेवर ठेवणं चूकच. पाणी उडत असताना मांस आतून गार राहतं, आणि कोरड्या झालेल्या मांसातले जंतू नंतरच्या उष्णतेला सहज दाद देत नाहीत. आधी वाफवून किंवा उकडून घ्या, मग पट्ट्या काढून वाळवा. आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस ही कोंबडीसाठीची सुरक्षित खूण. कातडी आणि चरबी आधीच काढा. ती वाळत नाही, लवकर खवट होते, आणि तेलकट खाण्याने काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. खारवलेली सुकी मासळी देऊ नका. काळीज कुत्र्यांना वेड लावतं, पण त्यात 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की ते वासापुरतंच घालावं.

पौष्टिक आहे, मग चार जास्त खाऊ दे

खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या पॉमला (पॉमेरेनियनला) दिवसाला सुमारे ३७० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या ३७. एक चमचा तूप ४५ चं. अख्खं उकडलेलं अंडं ७० च्या पुढे. चहाबरोबर दिलेलं एक ग्लुकोज बिस्किट साधारण २५, आणि ते घरातला प्रत्येक जण स्वतंत्रपणे देतो, हा हिशेब कुणी धरतच नाही.

वरच्या नाचणीच्या पिठाचे २०० तुकडे पाडले तर एका तुकड्यात जेमतेम ४ कॅलरी येतात. पॉमला दिवसाला नऊ, तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला पस्तीसच्या आसपास. तुकडा अगदी चिमुकला होतो, आणि तेवढाच असावा. कुत्रा बक्षीस मोजतो, वजन करत नाही. लॅब्रॅडॉरच्या डोळ्यांना तर अजिबात भुलू नका. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना जवळपास चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांत असा जनुकीय बदल सापडला, ज्याचा संबंध खादाडपणाशी आणि वजनाशी आहे. त्याची भूक खरीही असेल, पण दर वेळी भागवायची नसते.

नाचणीत कॅल्शियम भरपूर म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला मुद्दाम जास्त नाचणी देणारेही आहेत. पिल्लाच्या हाडांना कमी कॅल्शियम जसं वाईट तसं जादाही वाईट. तो हिशेब त्याच्या मुख्य जेवणात होऊ द्या.

गव्हावर उगाच राग

अंग खाजतंय म्हणून सगळ्यात आधी पोळी बंद होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असा क्रम निघाला. म्हणजे खाज असलेल्या कुत्र्याला कणकेऐवजी दही-चिकनच्या वड्या करून घालणं ही सुधारणा नव्हेच. नवीन घटक एका वेळी एकच, पाच-सहा दिवस. पोट बिघडलं तर कशाने, ते मग कळतं. भोपळा-रताळ्याने शी पातळ झाली तर बहुतेकदा प्रमाण जास्त झालेलं असतं, निम्मं करून पाहा.

चुकून खाल्लंच तर

ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. हा घरगुती उपाय अजून चालतो, पण रक्तातलं सोडियम एकदम वाढून त्यानेच कुत्रा दगावू शकतो. त्रास दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता. कुत्र्याचं शेवटचं वजनही हाताशी ठेवा. बरणी किंवा पाकीट बरोबर न्या, कारण झायलिटॉल आहे की नाही हे ठरवायला घटकांची यादीच लागते.