भावना-विश्लेषणाची क्लाउड सेवा एरर देते तेव्हा आधी मजकूर बघा

सोलापुरी चादरी आणि टॉवेल ऑनलाइन विकणारे आता बरेच झालेत. ग्राहकांचे अभिप्राय मराठीत येतात, हिंदीत येतात, कन्नड-तेलुगूत येतात, कधी एकाच ओळीत तीन भाषा असतात. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानदाराला हे सगळं वाचत बसायला वेळ नसतो. म्हणून तो मजकूर क्लाउड सेवेकडे पाठवायचा आणि ग्राहक खूश आहे की नाराज, हे तिच्याकडून काढून घ्यायचं. असली कामं मी सतत करतो. एरर आली की नेटवर हमखास दोन सल्ले मिळतात: "एपीआय की नवीन काढा" आणि "ट्राय-कॅचमध्ये टाका म्हणजे थांबणार नाही." एपीआय की म्हणजे सेवा वापरण्याची गुप्त किल्ली; ती बदलण्यात नुसता वेळ जातो. दुसऱ्यानं कोड एरर गिळून पुढे जातो, चुकीची उत्तरं गुपचूप तुमच्या अहवालात जाऊन बसतात आणि ती पुन्हा शोधून काढणं फार अवघड असतं.

खातं उघडलंय, बिलिंग जोडलंय, एसडीके (सेवेशी बोलणारी तयार कोड-लायब्ररी) बसवलंय, असं धरून पुढे जातो.

एररचं नाव वाचा, आकड्यावर जाऊ नका

४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४२९ म्हणजे फार वेगानं विचारताय, हे गुगल आणि अ‍ॅझ्युअर (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) यांना लागू पडतं. अ‍ॅमेझॉनच्या कॉम्प्रिहेंड या मजकूर-विश्लेषण सेवेत मात्र मजकूर मोठा झाला, भाषा चालत नाही, परवानगी नाही, वेग जास्त झाला, हे सगळं ४०० याच आकड्याखाली येऊ शकतं. आकड्यावर 'इफ' लावणारा कोड तिथे फसतो. एक्सेप्शनचं (कोडनं फेकलेल्या एररचं) नाव आणि त्यापुढचा संदेश पूर्ण छापून घ्या.

एपीआय की, पत्ता, घड्याळ

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. अ‍ॅझ्युअरमध्ये एन्डपॉइंट (विनंती पाठवायचा पत्ता) तुमच्या रिसोर्सच्या (तिथे उघडलेल्या सेवेच्या) नावाचा असतो. एका रिसोर्सची की दुसऱ्याच्या पत्त्यावर चालत नाही. गुगलमध्ये त्या प्रोजेक्टसाठी नॅचरल लँग्वेज एपीआय सुरू केलेला हवा, आणि सुरू केल्यावर काही मिनिटं थांबावं लागतं. अ‍ॅमेझॉनमध्ये एकेक मजकूर तपासण्याची आणि गठ्ठ्यानं तपासण्याची परवानगी वेगवेगळी आहे, त्यामुळे एक चालतं आणि दुसरं अडतं. तिथेच विनंतीवरच्या डिजिटल सहीची मुदत संपल्याचा संदेश आला तर संगणकाचं घड्याळ बघा. पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर विनंती नाकारली जाते. जुन्या मशीनमधला सेल संपला की तारीख मागे जाते आणि माणूस तासभर एपीआय की बदलत बसतो.

मजकूर: खरं दुखणं इथे आहे

माझा सर्वात जास्त वेळ या टप्प्यानं खाल्ला आहे, आणि इथला बहुतेक सल्ला इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. देवनागरीला तो जसाच्या तसा लावला की वाट लागते.

सर्वात आधी 'क्लीनिंग'चा कोड बघा. अक्षरं आणि आकडे ठेवा, बाकी काढून टाका, अशी एक रेगेक्सची (मजकुरातले नमुने शोधणारी) ओळ जो तो चिकटवतो. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समधली अक्षर ओळखणारी खूण (\w) मात्रा, वेलांटी, उकार यांना 'अक्षर' मानत नाही. एका अभिप्रायात लिहिलेलं होतं: "टॉवेल मऊ आहे, पाणी टिपतो." त्या ओळीतून बाहेर पडल्यावर त्याचं झालं: "टवल मऊ आह पण टपत." सेवेनं बिनतक्रार उत्तर दिलं, कारण तिच्या लेखी तोही मजकूरच. जावास्क्रिप्टमध्ये हीच खूण फक्त रोमन अक्षरं ओळखते, म्हणून सगळं देवनागरी उडतं आणि सेवा 'मजकूर रिकामा आहे' अशी एरर देते. ती परवडली, निदान कळतं तरी.

माझं मत पक्कं आहे: विरामचिन्हं काढूच नका, इमोजी काढू नका. ग्राहकाचा राग त्या तीन उद्गारचिन्हांतही असतो. फक्त एचटीएमएलचे टॅग काढा, दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा, आणि रिकाम्या ओळी पाठवायच्या आधीच बाजूला करा. कुठे गाळणी लावावीच लागली तर युनिकोडमधले (सगळ्या लिप्यांच्या जागतिक सांकेतिक पद्धतीतले) 'अक्षर' आणि 'चिन्ह' हे दोन्ही वर्ग राखून ठेवा.

'न दिसणारी कॅरेक्टर सगळी उडवा' हा सल्लाही मराठीला लावू नका. 'बऱ्याच' हा शब्द काही कीबोर्ड एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या मदतीनं लिहितात. ते काढलं की 'बर्‍याच'चा 'बर्याच' होतो.

मग येते लांबी. कॉम्प्रिहेंडची मर्यादा ५ केबी आहे, म्हणजे बाइट (संगणकाच्या साठवणुकीचं एकक) मोजले जातात. अ‍ॅझ्युअरची मर्यादा ५,१२० अक्षरांची आहे आणि तिथे दिसणारी अक्षरं मोजतात. 'सोलापूर' हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात: सो, ला, पू, र. पायथनला लांबी विचारली तर ती ७ सांगते, कारण ओकार, काना आणि उकार वेगळे धरले जातात. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) त्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणून तोच शब्द २१ बाइटचा होतो. इंग्रजीत ५ केबीत सुमारे ५,००० अक्षरं बसतात. मराठीत साधारण अडीचशे ते तीनशे शब्दांत ती जागा भरते. 'अजून खूप जागा आहे' असं वाटत असतानाच मजकूर मोठा झाल्याची एरर येते ती यामुळे. कॉम्प्रिहेंडसाठी लांबी मोजायची तर आधी यूटीएफ-८मध्ये एन्कोड करा आणि मग मोजा.

लांब मजकूर कापायचा कुठे? पाच हजाराव्या बाइटवर कापला तर अक्षराच्या मधोमध सुरी बसते आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उरतं. कॅरेक्टर मोजून कापला तर मात्रा एका तुकड्यात आणि व्यंजन दुसऱ्यात जातं. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा नवी ओळ इथेच कापा आणि वाक्य अखंड ठेवा. आणि 'पण'च्या आधी तर मुळीच कापू नका. आपल्याकडचा ग्राहक आधी कौतुक करतो आणि खरी तक्रार 'पण'च्या पुढे लिहितो.

फाइल कुठून आली हेही विचारा. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडायचा. त्याहून वाईट म्हणजे डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. मराठी वाचता आलं नाही तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, त्याला दुसरा उपाय नाही. उलट काळ्या टर्मिनलमध्ये चौकोन दिसले म्हणून घाबरू नका. तो बहुतेक वेळा नुसता दाखवण्याचा दोष असतो.

भाषेचा कोड

कॉम्प्रिहेंडच्या भावना-विश्लेषणात हिंदी आहे, मराठी नाही. भाषा ओळखण्याच्या सुविधेत मात्र मराठी ओळखली जाते, त्यामुळे गोंधळ होतो: तीच सेवा सांगते 'ही मराठी', आणि पुढच्या पायरीला 'ही भाषा चालत नाही'. यावर ठिकठिकाणी सल्ला दिलेला असतो की लिपी एकच आहे, हिंदीचा कोड टाका. कृपा करून हे करू नका. एरर जाते हे खरं, पण "धुतली तरी रंग गेला नाही" या शाबासकीचं काय होईल याची कोणीही हमी देऊ शकत नाही. दुकानदार त्या आकड्यांवर माल मागवणार असतो, विणणाऱ्याला बोल लावणार असतो. चुकीच्या आकड्यापेक्षा एरर केव्हाही चांगली.

अ‍ॅझ्युअरच्या भावना-विश्लेषणात मराठी, कन्नड आणि तेलुगू आहेत, म्हणून सोलापूरच्या कामाला मी ते आधी सुचवतो. पण भाषा लिहिली नाही तर ते मजकूर इंग्रजी धरून चालतं, आणि तेही एरर न देता. प्रत्येक अभिप्रायापुढे भाषा लिहाच. कॉम्प्रिहेंडच वापरायचं असेल तर आधी मराठीचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि शे-दोनशे अभिप्राय स्वतः वाचून पडताळा. तिथे एका गठ्ठ्याला एकच भाषा देता येते, तेव्हा गठ्ठेही भाषेनुसार पाडावे लागतात.

रोमन लिपीत लिहिलेली मराठी वेगळ्या फाइलमध्ये काढा. आधी देवनागरी करा, मग पाठवा. दोन-तीन शब्दांच्या अभिप्रायावर यंत्राच्या भाषा-ओळखीचा भरवसा धरू नका. "मस्त" ही मराठी की हिंदी, हे माणसालाही सांगता येणार नाही.

२०० आलं तरी आत बघा

गठ्ठ्यानं पाठवताना एकूण विनंती यशस्वी होते (तोच आकडा २००), पण आतले काही अभिप्राय नापास झालेले असतात. अ‍ॅझ्युअर ते एररच्या वेगळ्या यादीत देतं, कॉम्प्रिहेंडही देतं. ही यादी न वाचता निकाल ओळीनं जोडत गेलात तर एक अभिप्राय गळतो आणि पुढचे सगळे एकेक घर सरकतात: चादरीची तक्रार टॉवेलच्या नावावर. अ‍ॅझ्युअरमध्ये प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्या. कॉम्प्रिहेंडमध्ये परत आलेला क्रमांक वापरा, तो शून्यापासून सुरू होतो. गठ्ठ्याची मर्यादा कॉम्प्रिहेंडला २५ आणि अ‍ॅझ्युअरच्या भावना-विश्लेषणाला १० मजकुरांची आहे.

पुन्हा विचारायचं ते कधी

वेगाची एरर आणि सेवेच्या बाजूनं बिघाड झाल्याच्या ५०० व ५०३ या एरर, एवढ्यांसाठीच. दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करा, त्यात थोडा इकडेतिकडे फरक ठेवा, आणि सेवेनं किती थांबायचं ते सांगितलं असेल तर तेच पाळा. बहुतेक एसडीके स्वतःच काही वेळा पुन्हा विचारतात. त्यावर आणखी आपला लूप चढवला की विनंत्यांचा गुणाकार होतो. मजकूर किंवा भाषा चुकली असेल तर कितीदाही विचारा, उत्तर तेच येणार.

शेवटी एक छोटी चाचणी फाइल करून ठेवा: एक मराठी कौतुक, एक 'पण' असलेली तक्रार, एक कन्नड, एक तेलुगू, एक रोमन लिपीतली मराठी, एक रिकामी ओळ आणि एक मुद्दाम ५ केबीहून मोठा मजकूर. कोडमध्ये काहीही बदललं की आधी ही फाइल चालवा. रिकामी ओळ पाठवण्याआधी बाजूला पडली पाहिजे, मोठ्या मजकुराचे वाक्यावर तुकडे झाले पाहिजेत आणि उरलेल्या प्रत्येकाचं उत्तर ज्याच्या त्याच्या आयडीसमोर आलं पाहिजे. मगच खरी फाइल लावा.