बार्नेगॅटला हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

हार्लेक्विन बदकं बघायला हिवाळ्यात आपली बरीच मंडळी अमेरिकेत न्यूजर्सीतल्या बार्नेगॅट लाइट या समुद्रकाठच्या गावाला येतात. एडिसनहून दीडेक तासाचा रस्ता. आल्या आल्या सुरू होतात त्याच त्या चुका.

पहिली चूक गाडीतच होते. हीटरमुळे मागच्या सीटवरचा कॅमेरा चांगला गरम झालेला असतो आणि बाहेर पारा शून्याखाली सहा-सात. उतरल्या उतरल्या क्लिक सुरू! गरम लेन्सच्या लांब हूडमध्ये (लेन्सपुढच्या नळीसारख्या आडोशात) ऊबदार हवा अडकते, थंड हवेत मिसळताना थरथरते. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसते, अगदी तशी. मग फोकस बरोबर असला तरी पिसं पुसल्यासारखी येतात. तीन वर्षांपूर्वी माझ्या मित्राचे पहिल्या अर्ध्या तासातले चारशेवर फोटो असेच वाया गेले. निळसर राखाडी अंग, पांढरे पट्टे, कुशी विटकरी, असा नर वीस फुटांवर लाटांत बुड्या मारत होता. मित्र लेन्स दुरुस्तीला टाकायला निघाला होता. तासाभराने, लेन्स गार झाल्यावर, त्याच लेन्सने नराच्या चोचीवरचा पाण्याचा थेंबही टिपला. पण जवळून टिपायची संधी तोवर गेली होती.

मी कॅमेरा डिकीत ठेवतो. पोचल्यावर हूड काढून ठेवायचा आणि अर्धा तास नुसत्या दुर्बिणीने बघायचं. परतताना मेमरी कार्ड बाहेरच काढून घेतो, बॅगेची चेन लावतो आणि घरी तीन तास ती उघडत नाही. ‘एकदा पटकन बघू’ म्हणून उघडलीत, की गार काचेवर दव धरलंच.

जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. बर्फ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा, नाहीतर बर्फ करडा दिसतो. वाळूच्या टेकाडांवर हिमघुबड दिसलं तर लांबूनच बघा. दिवसा त्याची विश्रांतीची वेळ असते.

आता पाठलाग. याचा मला मनापासून राग येतो. जेटीवरची, म्हणजे समुद्रात गेलेल्या दगडी बांधावरची, काँक्रीटची वाट संपली की पुढे मोकळे दगड आहेत. त्यांवर शेवाळ, वर बर्फाचा पापुद्रा. तळाला खिळे असलेल्या बुटांशिवाय तिथे पाऊल टाकू नका. तरी लोक बदकांमागे त्या दगडांवरून धावतात. थंडीत पक्षी उडवला की त्याने बुड्या मारून मिळवलेली ताकद उगाच खर्च होते आणि आपल्या हाती पाठमोरा फोटो येतो. बदक बुडी मारतं तेव्हाच दोन पावलं पुढे जावं, वर यायच्या आत थांबावं. त्याहून बरं म्हणजे कोरड्या दगडावर बसूनच राहावं. मी तासभर बसतो. रडी टर्नस्टोन हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी, आपल्या कोकणच्या खडकांवर हिवाळ्यात येतात त्याच जातीचे, शेवाळ उलथत उलथत बुटांपाशी येतात. त्यांच्या मागून पर्पल सँडपायपर, तसेच किनाऱ्यावरचे पक्षी. मग कॅमेरा हळूच उचलायचा.