पॅच बसवला, पण कर्नल जुनाच: लिनक्स सर्व्हर सांभाळताना या चुका टाळा

काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग असताना सर्व्हर रीबूट करायला कोणी धजावत नाही. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेवढे महिने वाळवा-पलूस पट्ट्यातल्या काटा-सर्व्हरवर अपडेट येतात, बसतात आणि डिस्कवर पडून राहतात. सांगली-मिरजेच्या पतसंस्थांत मार्चअखेरीला हेच घडते, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत बारा महिने.

अपडेट लांबले तर धोका नाही का, असे विचारल्यावर मिळणारे ‘आमच्याकडे रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड दोघांनाच माहीत आहे,’ हे उत्तर इथे कामाचे नाही. कोणत्या फाइलला कोणी हात लावायचा, कोणाला रूट मानायचे, हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो. त्याच्याच कोडमध्ये चूक निघाली की साध्या खात्यावरचा माणूस पासवर्ड न विचारता रूट होतो. साधे खाते मिळवणे अवघड नसते: बिलिंगच्या वेबपानातली एखादी फट, ऑपरेटरचा सोपा पासवर्ड, सोडून गेलेल्या विक्रेत्याचे बंद न केलेले लॉगिन. ‘डर्टी काऊ’ ही चूक २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. ‘डर्टी पाइप’ (सुरक्षेच्या चुकांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७) ५.८ आवृत्तीपासून होती. पाइपच्या (एका प्रोग्रॅमचा डेटा दुसऱ्याला देणाऱ्या वाटेच्या) बफरमधला एक फ्लॅग, म्हणजे खूण, कोरा न केल्यामुळे, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलच्या मेमरीतल्या प्रतीत कोणालाही लिहिता येत होते. पासवर्डची फाइलही त्यातून सुटत नव्हती.

बसवलेला आणि चालू कर्नल एकच समजणे

सर्वांत जास्त सर्व्हर इथेच उघडे राहतात. अपडेटची आज्ञा नवा कर्नल डिस्कवर ठेवते. मेमरीत जुनाच धावत असतो. ‘यूनेम -आर’ चालू आवृत्ती सांगते. ती बसवलेल्या सर्वांत नव्या कर्नलशी ताडून पाहा. उबुंटूवर ‘/वार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसली की रीबूट बाकी आहे. रॉकी किंवा अल्मा या रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ तेच सांगते. लाइव्ह पॅचची (रीबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करण्याची) सोय घेतली असेल तर ‘यूनेम’चा आकडा बदलत नाही, तिथे त्या सेवेची स्थिती वेगळी पाहावी लागते. शिवाय प्रत्येक दुरुस्ती लाइव्ह पॅचने येतेच असे नाही.

रीबूट करूनही आकडा जुनाच असेल तर दोन कारणे आधी तपासा. पहिले, ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कोणीतरी जुना कर्नल कायमचा निवडून ठेवलेला असतो. रॉकीवर ‘ग्रबी’ या आज्ञेला डीफॉल्ट कर्नल विचारा, उबुंटूवर ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमधली ओळ पाहा. दुसरे, कर्नलच रोखून धरलेला असतो. उबुंटूवर ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ चालवा. रॉकीवर डीएनएफच्या (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगरेशनमध्ये कर्नल वगळणारी ओळ आहे का ते शोधा. कधीकाळी रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर बिघडला म्हणून घातलेली ती ओळ काढायची आठवण कोणालाच राहत नाही.

तिसरी अडचण ‘/बूट’ (कर्नल ठेवायचा डिस्कचा विभाग) भरण्याची. कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणारी छोटी फाइलप्रणाली) मिळून शे-दीडशे एमबी सहज खातात. ५१२ एमबीच्या विभागात तीन-चार कर्नल झाले की नवा अर्धवट बसतो आणि पॅकेजची यंत्रणा अडकते. अशा वेळी ‘/बूट’मधल्या फाइली हाताने पुसू नका. पॅकेजच्या नोंदीत ते कर्नल बसवलेलेच राहतात आणि गुंता वाढतो. आधी चालू कर्नल कोणता ते पाहा, मग उबुंटूवर ‘ऑटोरिमूव्ह’ पर्जसह चालवा. रॉकीवर एका वेळी किती कर्नल ठेवायचे ते ‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’ ठरवते. ३ पुरेसे आहेत.

रीबूट पुढे ढकलण्याचा आणखी एक तोटा आपल्याकडे हमखास दिसतो. रात्री वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते आणि सर्व्हर आपोआप नव्या कर्नलवर उठतो. त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेले नसतील तर डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर बांधणाऱ्या यंत्रणेने) बांधलेले ड्रायव्हर तयार झालेले नसतात आणि सकाळी काट्याचे कार्ड किंवा डाँगल ओळखले जात नाही. मग दोष अपडेटवर जातो आणि कर्नल पुन्हा रोखला जातो. त्यापेक्षा साफसफाईसाठी गाळप थांबते तेव्हा, किंवा पतसंस्थेत दिवसअखेर झाल्यावर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री, ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसते याची खात्री करून स्वतःच रीबूट करा. जुना कर्नल ग्रबमध्ये असतोच. परत यायला पाच मिनिटे लागतात.

आवृत्तीच्या आकड्यावरून निकाल देणे

रेड हॅट ८ च्या घराण्यात कर्नल कायम ४.१८.० दिसतो. दुरुस्त्या मागे आणून त्याच आकड्यावर बसवल्या जातात आणि फक्त पुढचा बिल्ड क्रमांक वाढतो. त्यामुळे ‘४.१८ म्हणजे जुना’ हा तर्क चुकीचा ठरतो, आणि ‘ही चूक नव्या आवृत्तीतली, आपल्याला लागू नाही’ हाही. आरपीएमला (बसवलेल्या पॅकेजची माहिती देणाऱ्या आज्ञेला) कर्नल-कोअरचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, विचारून त्यात सीव्हीई क्रमांक शोधा. उबुंटूसाठी त्यांच्या सुरक्षा पानावर तोच क्रमांक टाका. आकडा मोठा दिसावा म्हणून बाहेरचा मेनलाइन (थेट मूळ प्रकल्पाचा) कर्नल उत्पादनातल्या सर्व्हरवर चढवू नका. पुढच्या दुरुस्त्यांची जबाबदारी मग तुमच्यावर येते.

आणि ‘अपडेट करण्यासारखे काही नाही’ या संदेशाने निश्चिंत होऊ नका. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, उबुंटू २०.०४ चा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये. तिथे काही येत नाही कारण कोणी पाठवतच नाही.

यूजर नेमस्पेस सगळ्यांना मोकळी ठेवणे

सीव्हीई-२०२४-१०८६ ही नेटफिल्टरच्या, म्हणजे कर्नलमधल्या फायरवॉलच्या, ‘एनएफ_टेबल्स’ भागातली चूक. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाते, या जातीची. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि मार्चमध्ये हल्ल्याचा चालता कोड सर्वांसमोर होता. फायरवॉलच्या त्या कोडपर्यंत साध्या वापरकर्त्याचा हात पोचायला नको, पण स्वतःची यूजर नेमस्पेस (खात्यांची वेगळी बंदिस्त जागा) उघडली की तिच्या आत तो रूट असतो आणि वाट मोकळी होते. गेल्या काही वर्षांतल्या कर्नलच्या बऱ्याच चुकांना ही पायरी लागली आहे, म्हणून पॅच लावायला उशीर होणार असेल तर आधी ती बंद करा.

डेबियन-उबुंटूवर ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन’ ० करा, रॉकी-अल्मावर ‘यूजर.मॅक्स_यूजर_नेमस्पेसेस’ ०. ओळ ‘/इटीसी/सिससीटीएल.डी’मधल्या फाइलमध्ये लिहा आणि ‘सिससीटीएल --सिस्टिम’ चालवा. फाइलच्या नावाला शेवटी ‘.कॉन्फ’ नसेल तर ती वाचलीच जात नाही. नावाच्या क्रमाने नंतर वाचली जाणारी दुसरी फाइल तीच किंमत पुसून टाकू शकते. म्हणून लिहिल्यावर किंमत परत वाचून खात्री करा, रीबूटनंतरही. यामुळे रूटविना चालणारा पॉडमॅन (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम), फ्लॅटपॅक आणि ब्राउझरचा सँडबॉक्स अडतो. काटा किंवा कोअर बँकिंगच्या सर्व्हरवर यातले काही नसतेच.

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रश्न वेगळा. उबुंटू २४.०४ मध्ये ॲपआर्मर (प्रोग्रॅमला काय करू द्यायचे ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) ही वाट मुळातच अरुंद ठेवते. मग एखादे ॲपइमेज (एकाच फाइलमधला प्रोग्रॅम) उघडत नाही आणि कोणाच्या तरी सल्ल्याने ‘ॲपआर्मर_रिस्ट्रिक्ट_अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस’ ० केले जाते, साठ मशीनवर एकाच स्क्रिप्टने. प्रत्येक विद्यार्थ्याला शेल असलेल्या ठिकाणी हे करणे सरळ बेजबाबदार आहे. त्या एका प्रोग्रॅमपुरते ॲपआर्मर प्रोफाइल लिहा.

‘सिससीटीएल.डी’मधल्या त्याच फाइलमध्ये ‘अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड’ १, ‘डीमेसेज_रिस्ट्रिक्ट’ १ आणि ‘केपीटीआर_रिस्ट्रिक्ट’ १ घाला. शेवटचे दोन भोक बुजवत नाहीत. कर्नलमधले पत्ते लपवून हल्लेखोराचे काम अवघड करतात.

नको असलेले मॉड्यूल (कर्नलला हवे तेव्हा जोडता येणारा भाग) बंद करताना नुसती ‘ब्लॅकलिस्ट’ची ओळ पुरत नाही. ती आपोआप होणारे लोडिंग अडवते, पण थेट नाव घेऊन किंवा दुसऱ्या मॉड्यूलची गरज म्हणून ते तरीही चढते. ‘इन्स्टॉल’ या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहून मॉड्यूलच्या नावापुढे ‘/बिन/फॉल्स’ द्या. डीसीसीपी, टीआयपीसी, आरडीएस हे प्रोटोकॉल आपल्या कार्यालयांत क्वचितच लागतात.

कंटेनर आहे म्हणून निर्धास्त राहणे

कंटेनरचा (प्रोग्रॅमच्या बंदिस्त डब्याचा) कर्नल होस्टचाच, म्हणजे मूळ मशीनचाच, असतो. इमेज रोज नवी बांधली तरी कर्नलची चूक जागच्या जागी राहते. ‘--प्रिव्हिलेज्ड’ दिला की सेककॉम्पची, म्हणजे कर्नलकडे जाणाऱ्या विनंत्यांची, गाळणीही जाते. आणि डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) गटात घातलेल्या माणसाला रूट व्हायला कर्नलमधल्या चुकीची गरजच पडत नाही; होस्टची डिस्क कंटेनरमध्ये जोडली की झाले. त्या गटात कोण आहे ते आजच पाहा.

सगळा दोष कर्नलचाच असतो असेही नाही. २०२१ मधली सुडोची (सीव्हीई-२०२१-३१५६) आणि जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेली पीकेएक्झेकची (सीव्हीई-२०२१-४०३४) चूक सेटयूआयडी (कोणीही चालवले तरी रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या) प्रोग्रॅममधली होती. अशा दुरुस्तीला रीबूट लागत नाही, त्यामुळे सबबही नाही.

हँग झालेला सर्व्हर लगेच बटण दाबून उठवणे

कर्नलवरचा हल्ला फसला की बहुतेक वेळा ऊप्स (कर्नलने दिलेला बिघाडाचा संदेश) येतो किंवा मशीन गोठते. मेमरी खराब असेल असे म्हणून ते पुन्हा सुरू केले जाते. आधी स्क्रीनचा फोटो घ्या. सुरू झाल्यावर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ने मागच्या बूटचा कर्नल लॉग वाचा. त्यासाठी ‘/वार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी आधीपासून हवी. नसेल तर नोंदी मेमरीत राहतात आणि रीबूटबरोबर जातात. वेबसर्व्हरच्या किंवा ऑपरेटरच्या खात्याची प्रोसेस ऊप्समध्ये वारंवार दिसली तर रॅम बदलत बसू नका.

मशीन अजून चालू असेल आणि शंका असेल तर नेटवर्कची केबल काढा, वीज तशीच ठेवा. डर्टी पाइपसारख्या चुकीत बदल मेमरीतल्या प्रतीत होतो आणि तेवढ्याने डिस्कवर उतरत नाही, म्हणजे रीबूटने पुरावाच नाहीसा होऊ शकतो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ते लॉग त्याच सर्व्हरवर ठेवले तर रूट झालेला माणूस आधी तेच पुसतो, म्हणून ते दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आधीच करून ठेवा.