मुलं शब्द वाचतायत की चित्र ओळखतायत? दुसरीसाठी वाचनाचा खेळ

शब्दवाचनाच्या खेळासाठी अ‍ॅप विकत घेऊ नका, पॉवरपॉइंट पुरतं. एका स्लाइडवर एक चित्र, खाली चार शब्द, बरोबर शब्दाला पुढच्या स्लाइडची लिंक. टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही लॅपटॉपवर मराठी नीट दिसतं. कृतिदेव या जुन्या फाँटमधला खेळ तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. स्लाइड शो किऑस्क प्रकारात लावा, नाहीतर कुठेही क्लिक झालं की स्लाइड पुढे पळते.

खरं काम चुकीचे शब्द निवडण्याचं. माझा पहिला खेळ असा होता: घोड्याचं चित्र आणि पर्याय घोडा, आंबा, विमान, चेंडू. सगळा वर्ग बरोबर! मी खूश. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘घडा’ लिहिलं, तर निम्मी मुलं एका सुरात ओरडली, ‘घोडा!’ पोरं नुसता ‘घ’ बघून मोकळी होत होती.

तेव्हापासून पर्याय एकमेकांची भावंडं शोभतील असेच घेते. घड्याच्या चित्राखाली घडा, धडा, घोडा, घडी. गाडीखाली गाडी, गादी, गडी, गाडा. आता काना, वेलांटी बघितल्याशिवाय सुटका नाही, आणि घ-धची गल्लतही लगेच उघडी पडते. चारही शब्द खरे हवेत. ‘पाणी, पानी, पाणि’ असले पर्याय मी ठेवतच नाही. अशुद्ध रूप एवढ्या मोठ्या अक्षरात पडद्यावर दाखवायचं आणि वर ते विसरा म्हणायचं?

बरोबर उत्तराची जागा दर स्लाइडला बदला. माझ्या वर्गातला एक पठ्ठ्या न वाचता सलग सहा वेळा डावीकडचं वरचं दाबून जिंकला होता. चुकीच्या उत्तराला मजेदार आवाज तर मुळीच लावू नका. मी ‘ढुम्म’ लावलं होतं. मुलं मुद्दाम चुकायला लागली. चुकलं तर काहीच होऊ नये. आणि टायमर नको, घाईत अंदाजच लागतात.

लॅपटॉप एकच असेल तर जोड्या करा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने क्लिक करायचं. वाचणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही.

दहा स्लाइड पुरे. मग लॅपटॉप बंद, पाट्या बाहेर आणि त्यातलेच पाच शब्द चित्राशिवाय. ज्यांच्या पाटीवर ‘धडा’चा ‘घडा’ झाला, त्यांची ती स्लाइड उद्या सगळ्यात आधी.