जुना हॅम सेट गाडीत बसवताना: आधी टेबल, मग गाडी

टेबलावर वर्षानुवर्षं नीट चाललेला हॅम सेट, म्हणजे हौशी रेडिओचालकांचा बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ, गाडीत गेला की लवकरच कुरकुरायला लागतो. दोष बहुतेक वेळा सेटचा नसतो. बारीक तारेत व्होल्टेज पडतं, हादऱ्यांनी एखादा जोड सुटतो, सीटखाली उष्णता कोंडते. म्हणून जुना सेट आधी टेबलावर पूर्ण बरा करा आणि मगच गाडीला हात लावा. दोन्ही कामं एकदम काढलीत, तर बिघाड सेटमध्ये आहे की वायरिंगमध्ये हेच कळत नाही.

सेट १३.८ व्होल्ट डीसीवर चालणारा निवडा. व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेले सेट या कामासाठी घेऊ नका. त्यांत शेकडो व्होल्ट असतात आणि हादरे त्यांना सोसत नाहीत.

घरी आणल्यावर लगेच वीज जोडू नका. झाकण उघडा, वास घ्या, भिंगातून पाहा. फुगलेले कपॅसिटर, बोर्डावरच्या तांब्याच्या हिरवट पडलेल्या रेघा (ट्रॅक), कुणीतरी घाईत केलेलं सोल्डरिंग, फ्यूजच्या जागी गुंडाळलेली तार अशा खुणा दिसतातच. मग मल्टीमीटरनं पॉवरच्या दोन तारांमधला रोध मोजा. दोन्ही दिशांनी तो जवळपास शून्य आला, तर उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. म्हणजे कुणीतरी प्लस-मायनसची अदलाबदल केली होती. डायोड बदलला की पुष्कळदा सेट जिवंत होतो.

पहिल्यांदा चालू करताना पॉझिटिव्ह तारेत हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटेल आणि सेट वाचेल. नुसतं ऐकताना बहुतेक सेट साधारण अर्धा ते एक अँपिअर घेतात, तेवढ्यानं बल्ब फारसा पेटत नाही. सगळं ठीक वाटलं की बल्ब काढा, योग्य फ्यूज घाला आणि ५० ओहमच्या डमी लोडवरच (अँटेनाऐवजी जोडायचा, शक्ती आतच जिरवणारा रोध) प्रक्षेपण तपासा. अँटेनावर प्रक्षेपण करायला परवाना हवाच, आणि तेही परवान्यातल्या बँडवरच.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: जड भागांचे जोड. अँटेनाचं सॉकेट, माइकचं सॉकेट, रिले, रेग्युलेटर आणि मोठे कपॅसिटर यांच्या पायांभोवती केसाएवढी गोल भेग पडलेली असते. टेबलावर ती त्रास देत नाही, खड्ड्यात गाडी आदळली की मात्र आवाज जातो-येतो. प्रत्येक पायाला फ्लक्स लावून नव्यानं सोल्डर करा. बोर्डाचे स्क्रू आवळा, कारण अनेक सेटमध्ये अर्थिंगची (मायनसची) जोडणी त्यांच्यातूनच जाते. पॉवर ट्रान्झिस्टरखालची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. मात्र काही ट्रान्झिस्टरच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. ते फोडू किंवा घासू नका, त्याची धूळ विषारी आहे.

बदल थोडे आणि परत काढता येतील असेच करा. डायलचा तंतूचा बल्ब हादऱ्यांनी तुटतो. त्याला १३.८ व्होल्ट मिळत असतील, तर त्या जागी ६८० ओहमच्या रोधासह पांढरा एलईडी बसवा. माइक दुसऱ्या कंपनीचा असेल तर आठ पिनांचा प्लग बसला म्हणून तो चालेल असं समजू नका. पिनांचा क्रम वेगळा असतो. बाहेरचा स्पीकर लावताना त्याची एकही तार बॉडीला टेकू देऊ नका. काही सेटमध्ये दोन्ही तारा थेट अँप्लिफायरच्या असतात, त्यातली एकही अर्थिंगची नसते.

तारेत काटकसर करू नका. १०० वॅटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरी तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तार लागते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तेवढ्यात सुमारे १.४ व्होल्ट पडतात, ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत जेमतेम ०.३५. इंजिन बंद असताना बॅटरीच साडेबारा व्होल्टच्या जवळ असते, त्यामुळे बारीक तारेवर सेट अकराच्या आसपास येतो आणि प्रक्षेपण विस्कटतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घाला; तो तारेला आग लागू नये म्हणून आहे. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट विसरू नका. बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असलेल्या नव्या गाडीत सेटची मायनस तार बॅटरीऐवजी, बॅटरीची अर्थ-तार बॉडीला जिथे जोडलेली असते तिथेच जोडा.

अँटेनासाठी छताचा मध्य उत्तम, कारण पत्रा हाच तिचा दुसरा अर्धा भाग. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची काडी साधारण ५० सेंटिमीटर असते. थोडी लांब ठेवून एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेना सेटशी किती जुळते ते दाखवणारं मीटर; १ म्हणजे पूर्ण जुळणी) पाहत कापा, आकडा १.५ च्या खाली आला की थांबा.

शेवटी इंजिन चालू करून ऐका. एक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आली, तर ती बहुधा अल्टरनेटरची असते. पॉवरची तार थेट बॅटरीवरून घेतली आहे ना ते पाहा, मग तारेवर फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकीय पदार्थाचं कडं) चढवा. टकटक आवाज इग्निशनचा असतो. बॉनेट बॉडीला जाड विणलेल्या तारेनं जोडल्यावर तो पुष्कळदा कमी होतो. काही आठवडे गाडी चालवल्यावर सगळे स्क्रू आणि टर्मिनल एकदा पुन्हा आवळा, आणि बराच वेळ बोलून झाल्यावर फ्यूजच्या होल्डरला हात लावून पाहा. तो गरम लागला तर आतला जोड ढिला आहे.