रात्री समुद्री टँकचं काय काय बंद करायचं?

समुद्री टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, नव्याने लावलेली बहुतेक माणसं पहिल्या काही आठवड्यांतच मला हे विचारतात: झोपताना सगळं बंद करून ठेवलं तर चालेल का? माझं उत्तर ठरलेलं आहे. दिवे बंद करा, बाकी कशाला हात लावू नका. पण त्यामागचं कारण समजलं तर पुढे उपकरणं निवडतानाही उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुद्दा ऑक्सिजनचा आहे. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. म्हणजे गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा आपल्या हातात मुळातच कमी. दिवसा टँकमधलं शेवाळ आणि प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशावर ऑक्सिजन तयार करतात. दिवे गेले की ही आवक थांबते. मासे, प्रवाळ, शेवाळ, लाइव्ह रॉकमधले (टँकमधल्या सच्छिद्र खडकांतले) जिवाणू मात्र रात्रभर श्वास घेतच असतात आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडत असतात. संध्याकाळी ८.३ दाखवणारा पीएच पहाटे ८ च्या खाली उतरलेला दिसतो तो यामुळेच. अशा वेळी पाण्याची हवेशी देवाणघेवाण चालू ठेवतात ते पंप, वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारं यंत्र) आणि स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसाबरोबर कपात काढणारं यंत्र). ज्या तासांत त्यांची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच तासांत आपण ते बंद करायला निघतो.

एका ओळखीच्यांचा टँक मी पाहिला होता. रोज सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंड उघडझाप करायचे, दुपारपर्यंत अगदी ठीक. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५. औषधांच्या दोन बाटल्या आणून झाल्या होत्या. बोलता बोलता कळलं की आवाजाने झोप लागत नाही म्हणून रात्री पंप आणि स्किमर दोन्ही बंद होत होते. ते चालू ठेवायला सुरुवात केल्यावर सकाळची ती धाप थांबली. माझा नवीन लोकांना आग्रह असतो की मासे फक्त सकाळीच धापा टाकत असतील तर आधी रात्रीचं वेळापत्रक तपासा, औषधाचं नंतर बघू.

सम्प (मुख्य टँकच्या खाली ठेवलेला उपकरणांचा दुसरा टँक) असेल तर आणखी एक भानगड. हीटर बहुधा सम्पमध्ये असतो. सम्पचं पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप बंद झाला की हीटर फक्त सम्पचं पाणी तापवत बसतो आणि वरचा टँक हळूहळू गार होतो. शिवाय वरचं काही पाणी सम्पमध्ये उतरतं, स्किमरमधली पातळी वाढते आणि त्याचा कप भरून वाहू शकतो. हीटरचं म्हणाल तर त्याला थर्मोस्टॅट असतोच. २५ वर लावून ठेवा, कधी चालू व्हायचं ते तो बघेल.

कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा, झाकणबंद डब्यातला फिल्टर) मात्र कधीच रात्रभर बंद ठेवू नका. बंद डब्यातले जिवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात, मग मरू लागतात, आणि साचलेली घाण कुजून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. सकाळी बटण दाबलं की ते सगळं पाणी थेट माशांच्या अंगावर.

आता दिवे. ८ ते १० तास पुरेत, आणि टायमर लावाच. हाताने चालू-बंद करायच्या भरवशावर राहू नका. माशांना अंधाराची खरंच गरज असते. बरेच रास (wrasse) जातीचे मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. सिक्सलाइन रास तर खडकाच्या फटीत स्वतःभोवती चिकट पातळ आवरण विणून झोपतो. मध्यरात्री एकदम दिवा लावलात तर घाबरलेला मासा काचेवर आपटतो किंवा टँकबाहेर उडी मारतो. बघायचंच असेल तर मंद लाल टॉर्च घ्या. जरूर बघा, कारण दिवसा न दिसणारे ब्रिसल वर्म, छोटे खेकडे, पूर्ण उमललेले काही प्रवाळ तेव्हाच दिसतात. टँकची खरी ओळख मला रात्रीच झाली असं मी मनापासून सांगतो.

रेफ्युजियम (शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) असेल तर त्याचा दिवा उलट वेळेला लावतात, म्हणजे मुख्य दिवे बंद असताना. तिथली कीटोमॉर्फा (धाग्यांसारखं शेवाळ) रात्री कार्बन डायऑक्साइड शोषते आणि पीएचची घसरण थोडी कमी होते.

बहुतेकांची खरी अडचण आवाजाची असते, आणि ती मी हलकी मानत नाही. टँक झोपायच्या खोलीत असेल तर माणूस वैतागतोच. पण आवाज कुठून येतो ते कान लावून शोधा. पंपाची घरघर बऱ्याचदा तो काचेला टेकल्यामुळे येते. खाली सिलिकॉनची चटई ठेवली की निम्मा त्रास जातो. वेव्हमेकर खडखडत असेल तर इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यांवर) चुन्याचा थर बसला आहे. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, ब्रशने घासा. ओव्हरफ्लोची (टँकचं पाणी सम्पमध्ये उतरतं त्या जागेची) गुरगुर म्हणजे पाइपात पाण्याबरोबर हवा ओढली जाते आहे. निचऱ्याच्या पाइपावर व्हॉल्व्ह बसवून प्रवाह जमवून घ्या. स्किमरच्या सूं सूं आवाजाला हवेच्या नळीवरचा सायलेन्सर उपाय आहे. डीसी पंप (वेग कमी-जास्त करता येणारा) असेल तर रात्री वेग निम्म्यावर आणा, फक्त पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे. एवढं करूनही काही बंद करायचंच असेल तर तो स्किमर, तोही पाणी नीट हलत असेल आणि मासे मोजकेच असतील तरच.

वीज गेली तर हे सगळं आपोआप बंद पडतं, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. वीज काही तासांनी परत आली तर कॅनिस्टर लगेच चालू करू नका. उघडा, आतलं पाणी फेकून द्या, मीडिया (आतले स्पंज वगैरे, ज्यांवर जिवाणू राहतात) टँकच्याच पाण्यात हलकेच धुवा आणि मगच जोडा. नळाच्या पाण्यात धुऊ नका, त्यातलं क्लोरीन उरलेले जिवाणूही मारतं.